जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलताना : झिजलेला, अशक्त की अपुरा?

बॉन : ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे तत्कालीन महापौर कोनराड आडेनाउअर यांनी कोलोन आणि बॉन यांना जोडणाऱ्या सुमारे २० किलोमीटरच्या एका नव्या रस्त्याचे उद्घाटन केले. वाटेत चौक नाहीत, बैलगाड्या नाहीत, सायकली नाहीत. केवळ मोटारींसाठी बांधलेला हा रस्ता आज 'ए ५५५' या नावाने ओळखला जातो. त्यावर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा होती, पण सामान्य माणसाच्या गाड्यांपैकी फार थोड्या त्या वेगाला पोहोचत. रस्ता पुढे गेला होता आणि गाड्या मागे राहिल्या होत्या.

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांची अडचण आजही थोडीफार तीच आहे. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी ऱ्हाइनच्या काठाने किंवा झीबनगेबिर्गच्या चढावर जाणारी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गाडी डोळ्यांना कितीही सुखावत असली, तरी ती महामार्गावर आली की इंजिन तारस्वरात ओरडू लागते. गिअर टाकताना करकर ऐकू येते, चढावर गिअर आपोआप निसटतो, आणि मालकाच्या मनात विचार डोकावतो : हा जुना गिअरबॉक्स काढून त्याजागी नवा, दणकट, पाच गिअरचा बसवावा का?

प्रश्न यांत्रिक दिसतो, पण तो तेवढाच नाही. जर्मनीत चुकीचा गिअरबॉक्स बसवल्याने गाडीचा ऐतिहासिक वाहन हा दर्जा आणि त्यासोबतची करसवलत धोक्यात येऊ शकते. भारतात 'व्हिंटेज' नोंदणीची पात्रता वादात सापडू शकते. पैसा तर जातोच. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक ठरते : आपला गिअरबॉक्स झिजलेला आहे, अशक्त आहे की अपुरा आहे? या तीन वेगवेगळ्या व्याधी आहेत आणि तिघींचा उपचार वेगळा आहे.

गिअरबॉक्सचे काम

पेट्रोल इंजिन फार सावकाश फिरत असताना जोर देऊ शकत नाही. गाडी जागेवरून हलवण्यासाठी मात्र चाकांना सर्वाधिक जोर हवा असतो. दातेरी चाकांच्या वेगवेगळ्या जोड्या वापरून इंजिनाचा वेग कमी करणे आणि त्या बदल्यात चाकांना मिळणारा जोर वाढवणे, हे गिअरबॉक्सचे काम.

पुढे इंजिन आणि मागची चाके चालती, अशा बहुतेक जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये एक मुख्य शाफ्ट आणि त्याच्या खाली त्याला समांतर असा दुसरा शाफ्ट असतो. या दुसऱ्याला लेशाफ्ट म्हणतात. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये शक्ती मुख्य शाफ्टवरून लेशाफ्टवर उतरते आणि पुन्हा वर चढते. चौथ्या गिअरमध्ये मात्र इंजिनाकडून आलेला शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. लेशाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोष ओळखताना ती कामी येते.

गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवावे लागतात. जुन्या काळी ही गती जुळवण्याची जबाबदारी चालकाची असे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. घाटात एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्या जुन्या चालकांना हा 'डबल क्लच' अंगवळणी पडलेला असे. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेशची रचना बाजारात आणली. तिच्यात पितळी किंवा कांस्य धातूचे शंकूच्या आकाराचे कडे घर्षणाने दोन्ही भागांची गती आधी सारखी करते आणि मगच दाते एकमेकांत जाऊ देते.

ही सोय सर्व गाड्यांत एकदम आली नाही. फोक्सवागन बीटलच्या 'एक्स्पोर्ट' आवृत्तीला १९५२ मध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी सिंक्रोमेश मिळाले. पहिल्या गिअरला १९६० मध्ये. स्वस्तातली 'स्टँडर्ड' बीटल तर १९६४ पर्यंत सिंक्रोमेशविना धावत होती. त्यामुळे पहिला गिअर चालत्या गाडीत टाकताना करकरतो, एवढ्यावरून गिअरबॉक्स बिघडला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अनेक गाड्यांत त्या गिअरला सिंक्रोमेश मुळात दिलेलेच नव्हते.

पहिली व्याधी : झिजलेला

झीज ही वयाची खूण आहे. तिच्यासाठी गिअरबॉक्स बदलण्याची गरज नसते. तो उघडून बेअरिंगे, कडी, स्प्रिंगा आणि सीले बदलली की बहुतेक वेळा भागते. पण त्याहीआधी दोष खरोखर गिअरबॉक्समध्येच आहे का, हे तपासायला हवे. गिअरबॉक्सच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष त्याच्या शेजाऱ्यांचे असतात.

आवाजापासून सुरुवात करावी. पहिल्या तीन गिअरमध्ये घोंघावणारा आवाज येतो आणि चौथ्यात तो एकदम कमी होतो, असे असेल तर लेशाफ्ट व त्याची बेअरिंगे संशयित ठरतात. कारण चौथ्या गिअरमध्ये त्यांच्यावरचा भार निघून जातो. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना येणारा आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग किंवा लेशाफ्ट पाहावा. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा; गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. चारही गिअरमध्ये वेगाबरोबर वाढत जाणारा सारखाच आवाज बहुधा मागच्या क्राउन-पिनियनचा असतो. बीटलसारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात व थेट चौथा गिअर नसतो, त्यामुळे ही परीक्षा तिथे लागू पडत नाही.

दुसरी परीक्षा क्लचची. इंजिन सुरू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात आतली चाके थांबायला हवीत. तरीही करकर झाली, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही. हायड्रॉलिक यंत्रणेत हवा असेल, केबल ताणली गेली असेल किंवा पुढचे पायलट बेअरिंग अडकत असेल. अशा क्लचसह नवा गिअरबॉक्स बसवला तर तोही करकरणार आणि त्याचीही कडी काही हजार किलोमीटरमध्ये झिजणार.

तिसरी परीक्षा तेलाची. याबाबत घोटाळा फार होतो. आज दुकानात सहज मिळणारे 'जीएल-५' दर्जाचे गिअर ऑइल मागच्या डिफरन्शियलसाठी उत्तम असते. जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र ते दोन प्रकारे बाधू शकते : त्यातली गंधकयुक्त रसायने पितळ आणि कांस्य यांना खाऊ शकतात, आणि तेल फार निसरडे असल्याने सिंक्रोमेशच्या कड्यांना गती जुळवण्यापुरते घर्षण मिळत नाही. गाडीच्या मूळ पुस्तिकेत सांगितले असेल तेच तेल वापरावे. बहुतेकांसाठी ते 'जीएल-४' असते. एमजीबीसारख्या काही ब्रिटिश गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर इंजिनाचेच तेल घालतात. तेल काढताना त्याकडे नीट पाहावे. बारीक सोनेरी चुरा दिसला तर कडी झिजत आहेत, आणि पोलादाचे लुकलुकणारे कण किंवा तुकडे दिसले तर बेअरिंग अथवा दाते तुटत आहेत.

गिअर निसटण्याचे कारणही नेहमी आत दडलेले नसते. इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी गाद्यांवर टेकलेले असतात, त्या जीर्ण झाल्या की जोर लागताच सगळा भाग हलतो आणि गिअरचा दांडा स्वतःच बाहेर ओढला जातो. फियाट ११०० किंवा अ‍ॅम्बेसेडरसारख्या स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या गाड्यांत सांधे आणि बुश झिजले की गिअर अर्धवटच पडतो. काही युरोंची किंवा काहीशे रुपयांची बुश जिथे पुरेशी असते, तिथे गिअरबॉक्स उतरवण्याचे बिल भरण्यात शहाणपण नाही.

दुसरी व्याधी : अशक्त

काही गिअरबॉक्स मात्र जन्मतःच दुबळे असतात. त्यांना कितीही वेळा दुरुस्त केले तरी ते पुन्हा त्याच जागी मोडतात, कारण दाते, शाफ्ट किंवा बेअरिंगे त्यांच्यावर येणाऱ्या भाराच्या मानाने लहान असतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या परिचयाच्या गाडीचे आहे : जीप.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी लाखोंच्या संख्येने बनवलेल्या जीपमध्ये वॉर्नर कंपनीचा 'टी-८४' हा तीन गिअरचा गिअरबॉक्स होता. हलकी गाडी लवकर तयार व्हावी, ही युद्धाची निकड होती. चिखलात, डोंगरात, मागे ट्रेलर जोडून तीच जीप वापरली जाऊ लागली, तेव्हा हा गिअरबॉक्स तिचा कच्चा दुवा ठरला. १९४५ मध्ये विलीजने शेती आणि नागरी वापरासाठी 'सीजे-२ए' ही जीप आणली, तेव्हा कंपनीने स्वतःच तो बदलून त्याजागी अधिक दणकट 'टी-९०' बसवला. म्हणजे अशक्त गिअरबॉक्स बदलण्याचा निर्णय इथे खुद्द निर्मात्यानेच घेतला होता.

भारतात पुढे महिंद्रने ज्या विलीज जीप बनवल्या, त्यांतील 'सीजे-३बी'मध्ये हाच 'टी-९०' होता. महाराष्ट्रात शेतावर, वनखात्यात, तहसील कचेरीच्या आवारात, निवडणुकीच्या प्रचारात एकेकाळी दिसणाऱ्या जीप याच वंशातल्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने उभ्या चढावर गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकणे, ही या जीपची ओळखीची रीत. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिने बनू लागली. नंतरच्या जीपना चार आणि पुढे पाच गिअरचे गिअरबॉक्सही मिळाले.

आज एखाद्याकडे युद्धकालीन जीप असेल आणि तिचा 'टी-८४' वारंवार मोडत असेल, तर 'टी-९०' हा स्वाभाविक पर्याय ठरतो : त्याच कुळातला, त्याच दशकातला, निर्मात्यानेच पुढे निवडलेला. ही तत्त्वाची गोष्ट आहे. अशक्त गिअरबॉक्सला पर्याय शोधताना प्रथम त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीकडे पाहावे. जग्वार ई-टाइपचा जुना, हळू आणि कटकटीचा 'मॉस' गिअरबॉक्स १९६४ मध्ये कंपनीने स्वतःच बदलला. एमजीबीला १९६७ च्या अखेरीस चारही गिअरला सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स मिळाला. निर्मात्याने आपली चूक पुढे सुधारली असेल, तर ती सुधारणा वापरणे हा सर्वांत कमी वादाचा मार्ग.

तिसरी व्याधी : अपुरा

तिसऱ्या प्रकारात गिअरबॉक्स ठणठणीत असतो, मोडत नाही, करकरत नाही. मात्र तो ज्या रस्त्यांसाठी बनला, ते रस्ते आता राहिलेले नाहीत.

एमजीबीचेच उदाहरण घेऊ. तिच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांमागे गाडी ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग घेते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,४७० फेऱ्या मारते आणि १२० ला सुमारे ४,१७०. छत उघडी असलेल्या गाडीत तासभर हा आवाज सहन करणे कठीण असते. गुणोत्तर ०.८२ केले, तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे २,८५० आणि ३,४२० वर येतात. आवाज, इंधन आणि इंजिनाची झीज, तिन्ही कमी होतात.

हे तीन मार्गांनी साधता येते. पहिला, मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण बदलणे. पण त्यामुळे सर्वच गिअर 'लांब' होतात आणि चढावर पहिला गिअर दमतो. दुसरा, ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली ही छोटी पेटी आतल्या ग्रहमालेसारख्या गिअररचनेने मागचा शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरवते. चालकाने बटण दाबले की विजेवर चालणारी झडप उघडते आणि तेलाच्या दाबाने ती जोडली जाते. एमजीबीसाठी ती १९६३ पासून कंपनीकडूनच मिळत असे. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. या कामासाठी युरोपात फोर्ड सिएराचा 'टाइप ९' फार वापरला जातो आणि अलीकडे मॅझ्दा एमएक्स-५ चाही. दोघांचाही पाचवा गिअर ०.८२ च्या आसपास आहे.

बीटलची गोष्ट इथेही निराळी आहे. तिचा चौथा गिअर मुळातच इंजिनाला सावकाश फिरू देण्यासाठी आखलेला होता. महामार्गावर ती दिवसभर आपल्या कमाल वेगाच्या जवळपास धावू शकावी, ही अपेक्षा रचनेतच होती. पाचव्या गिअरचा मोह प्रत्येक जुन्या गाडीला लागू पडत नाही.

बदलताना काय काय जुळावे लागते

परका गिअरबॉक्स बसवणे म्हणजे चार बोल्ट काढून चार बोल्ट लावणे नव्हे. तो इंजिनाचा जोर पेलू शकतो का, हे पहिले. गिअरबॉक्सची क्षमता इंजिनाच्या कमाल जोरापेक्षा पुरेशी अधिक असावी. 'टाइप ९' फोर्डने २.८ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनालाही जोडला होता, एमजीबीच्या १.८ लिटर इंजिनासाठी तो पुरून उरतो.

दुसरे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधले घंटेच्या आकाराचे कवच, म्हणजे बेलहाउसिंग. दोन कंपन्यांची छिद्रे कधीच जुळत नाहीत, म्हणून खास बनवलेले कवच किंवा जोडपट्टी लागते. इथे अचूकता फार महत्त्वाची. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायलाच हवेत. मिलिमीटरच्या दशांशापेक्षा फारसा फरक चालत नाही. ही रेषा चुकली की क्लच धडधडतो आणि नवे बेअरिंग काही महिन्यांतच आवाज करू लागते. जोडपट्टी घाईने कापून दिली जात असेल, तर काम तिथेच थांबवावे.

तिसरे, क्लचची प्लेट : तिच्या मधले खाचदार छिद्र नव्या शाफ्टला जुळावे आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलला. चौथे, गिअरचा दांडा जुन्या छिद्रातून वर यायला हवा. तो दहा सेंटिमीटर मागे आला तर गाडीच्या पत्र्याला कापावे लागते, आणि पत्रा कापला की बदल परतीचा राहत नाही. पाचवे, मागचा प्रॉपेलर शाफ्ट लांब किंवा आखूड करून पुन्हा संतुलित करून घ्यावा लागतो आणि त्याचे कोन तपासावे लागतात, नाहीतर ठराविक वेगाला सारी गाडी थरथरते. शेवटी स्पीडोमीटरची केबल : गुणोत्तर बदलल्याने काटा खोटे सांगू लागला तर तो दुरुस्त करून घेणे ही कायद्याचीही गरज आहे.

जर्मनीत : 'एच' अक्षराची किंमत

जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या आणि जतन करण्याजोग्या अवस्थेतील गाडीला नंबरपाटीच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळू शकते. 'ऐतिहासिक' या शब्दाचे ते आद्याक्षर. ही पद्धत १९९७ पासून लागू आहे. अशा गाडीला इंजिन केवढेही असो, वर्षाला १९१.७३ युरो एवढा सरसकट कर असतो, आणि बॉनसह अनेक शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत तिला विनाअडथळा प्रवेश असतो. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

हा दर्जा वाहतूक परवाना नियमावलीच्या कलम २३ नुसार तज्ज्ञाच्या अहवालावर मिळतो. तज्ज्ञ ट्युफ, डेक्रा, जीटीयू यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांचा असतो. गाडीचे मुख्य भाग मूळ अवस्थेतले किंवा 'समकालीन' असावेत, ही त्याची कसोटी. समकालीन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत झालेला किंवा होऊ शकला असता असा बदल.

ही दहा वर्षांची मर्यादा गिअरबॉक्सच्या बाबतीत नेमकी कशी लागते पाहा. समजा, एमजीबीची नोंदणी १९६८ ची आहे. कंपनीचा ओव्हरड्राइव्ह तेव्हा उपलब्ध होता. तो बसवण्यात काही अडचण नाही. फोर्डचा 'टाइप ९' १९८० च्या दशकात आला; १९७८ च्या मर्यादेबाहेर पडल्याने त्यावर तज्ज्ञ आक्षेप घेऊ शकतो. तीच गाडी १९७७ ची असेल, तर १९८७ पर्यंतची मुदत मिळते आणि त्याच गिअरबॉक्सचे समर्थन करता येते. एमएक्स-५ ही गाडी मात्र १९८९ ची. तिचा गिअरबॉक्स दोन्ही उदाहरणांत काळाच्या बाहेर पडतो.

याशिवाय कलम १९ आहे. धोका निर्माण करू शकणारा किंवा आवाज व धूर वाढवणारा बदल केल्यास गाडीची चालवण्याची अनुमतीच संपुष्टात येते. ती संपली की विम्याचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, सुटे भाग विकत घेण्याच्याही आधी, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे, नियोजित बदल कागदावर मांडावा आणि त्याचे मत लेखी घ्यावे. जर्मनीत आधी विचारणाऱ्याचे काम सहसा सुरळीत होते. नंतर सांगणाऱ्याची वाट बिकट असते. बदल झाल्यावर तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावा आणि विमा कंपनीला कळवावा.

मायदेशातील गाडीचे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या घरची जुनी गाडी पुण्याच्या, कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या घरी झाकून ठेवलेली असते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे बेत सुट्टीत आखले जातात. तिथले नियम वेगळे आहेत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. या यादीत गिअरबॉक्सचे नाव घेतलेले नाही, आणि आपल्याकडे नोंदणीपुस्तकात चॅसी व इंजिनाचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून काहीही चालते असे मात्र समजू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणे लावला आहे.

अ‍ॅम्बेसेडरमध्ये हा पेच स्पष्ट दिसतो. १९९० च्या दशकात हिंदुस्तान मोटर्सने तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला. जुन्या मार्क-२ ला तो जोडण्याचा मोह होतो. पण मूळ १,४८९ घन सेंटिमीटर इंजिनाला तो थेट बसत नाही, त्यामुळे इंजिनासकट सारी जोडी बदलावी लागते. तसे केले की नोंदणीपुस्तकातला इंजिन क्रमांक बदलतो, परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, आणि 'व्हीए' मालिकेचा मार्ग जवळजवळ बंद होतो. गाडी पन्नाशी गाठत असेल, तर तिचा मूळ गिअरबॉक्स चांगल्या फिटरकडून उघडून नीट करून घेणे अधिक हिताचे.

निर्णयाचा क्रम

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या 'तुरीन सनदे'त इमारतींच्या जतनातले एक तत्त्व मोटारींना लावले आहे : आवश्यक तेवढाच बदल करावा आणि तो शक्यतो पूर्ववत करता येईल असा असावा. गिअरबॉक्सच्या बाबतीत हे तत्त्व व्यवहारातही फायद्याचे ठरते.

म्हणून क्रम असा असावा. आधी तेल, क्लच, रबरी गाद्या आणि सांधे तपासावेत. दोष झिजेचा असेल तर मूळ गिअरबॉक्स दुरुस्त करावा. तो रचनेतच अशक्त असेल तर त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीचा घ्यावा. तो केवळ अपुरा असेल, तर वर्षातून महामार्गावर किती किलोमीटर जातो याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. आइफेलच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर वर्षाकाठी हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला पाचवा गिअर क्वचितच लागतो. तो खरोखर हवा असेल, तर पत्रा न कापता, जोडणीचा प्रत्येक भाग पुन्हा काढता येईल अशा रीतीने बसवावा.

काढलेला जुना गिअरबॉक्स भंगारात देऊ नये. त्यातले तेल बदलून, तोंडे बंद करून, क्रमांकाचे छायाचित्र काढून, कोणत्या गाडीचा आणि कधी काढला याची चिठ्ठी बांधून तो कोरड्या जागी ठेवावा. गाडी विकली गेली किंवा पुढच्या पिढीकडे गेली, तर तोही तिच्यासोबत जावा. सुट्या भागांच्या दुकानात दुसरा गिअरबॉक्स मिळेल. पण ज्याने पन्नास वर्षे या गाडीला चढावर नेले, तो एकच असतो. पुढच्या मालकाला ती पुन्हा मूळ रूपात आणायची इच्छा झाली, तर ती वाट आपण त्याच्यासाठी उघडी ठेवलेली असावी.